फुकटचीं आकाशयानें

विज्ञानकथेंतील यान कशाच्या बळावर चालतें, असा प्रश्न कोणीं विचारला कीं आपल्यांतील रसिक म्हणविणाऱ्या मंडळींच्या मुखावर एक विशिष्ट प्रकारचें स्मित उमटतें. विचारणारा बिचारा अरसिक आहे, त्यास काव्याशीं कर्तव्य नसून कोळसापाण्याशीं कर्तव्य आहे, असा त्या स्मिताचा अर्थ असतो. कथा माणसांची असते. यान म्हणजे त्यांस एका ग्रहावरून उचलून दुसऱ्या ग्रहावर नेऊन सोडणारें वाहन. टांग्याच्या घोड्यास चंदी कोण घालतो याची चौकशी कादंबरीचा वाचक करीत नाहीं, मग अंतराळयानाच्या इंजिनाचीच झडती कां घ्यावी, असा या मंडळींचा युक्तिवाद आहे. विज्ञानकथांच्या परीक्षणांतहि पुष्कळदां हाच सूर ऐकूं येतो. स्वभावरेखन, भाषा आणि आशय यांचा परामर्श घेऊन झाला कीं यानाचा तपशील सोडून दिला तरी चालेल अशी सवलत लेखकास बहाल करून परीक्षक मोकळा होतो. ही सवलत देण्याचा अधिकार परीक्षकास नाहीं, ती घेण्यांत लेखकाचें हित नाहीं, आणि तिचे परिणाम साहित्याच्या कुंपणाबाहेरहि पोंचतात, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रतिपक्षाचें म्हणणें त्याच्या सर्वांत बळकट स्वरूपांत मांडून मगच त्याचा विचार करणें न्याय्य होईल. हे लोक म्हणतात : रघुवंशाच्या तेराव्या सर्गांत राम आणि सीता पुष्पक विमानांतून लंकेहून अयोध्येस परततात. खालीं समुद्र, अरण्यें, आश्रम, नद्यांचे संगम एकामागून एक सरकत जातात आणि राम सीतेला तीं स्थळें दाखवीत जातो. विमान कशावर चालतें हें कालिदासानें सांगितलें नाहीं. आणि तें न सांगितल्यामुळें सर्गाच्या रमणीयतेंत तिळमात्र उणेपणा आलेला नाहीं. जें कालिदासास माफ तें आजच्या कथाकारास कां नसावें?

उदाहरण उत्तम आहे. परंतु तें देणाऱ्यांनीं कालिदास अर्धाच वाचला आहे, असें आम्हांस सुचवावेंसें वाटतें. पुष्पक हें दैवी विमान आहे. मनुष्याच्या बुद्धीनें घडविलेलें यंत्र म्हणून कवीनें तें पुढें केलेलें नाहीं. शिवाय त्यांत पाऊल ठेवण्यापूर्वीं त्या दांपत्यानें चौदा वर्षांचा वनवास आणि एक घोर युद्ध एवढी किंमत मोजलेली आहे. परंतु जेथें दूरच्या प्रवासासाठीं एक अशक्य वाहन कालिदासानें स्वतः योजिलें, त्या मेघदूतांत तो काय करतो तें पाहावें. धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा झालेला निर्जीव मेघ निरोप कसा नेणार, ही शंका वाचकाच्या मनांत उठण्यापूर्वीं पांचव्याच श्लोकांत कवि ती आपण होऊन काढतो. पुढें मार्ग सांगतांना यक्ष मेघास बजावतो कीं थकशील तेव्हां पर्वतशिखरांवर पाय टेक आणि क्षीण होशील तेव्हां नद्यांचें हलकें पाणी पी. रेवेचें पाणी पिऊन जड झालास म्हणजे वाऱ्यास तुला उडवून लावतां येणार नाहीं. मेघाचें बळ सरतें, वाटेंत तें भरून घ्यावें लागतें आणि भरलें कीं भार वाढतो. इंधन, विसाव्याचीं ठिकाणें आणि वजन, असा प्रवासाचा सगळा हिशेब या शृंगारकाव्यांत हजर आहे. हा हिशेब ठेविल्यानें मेघदूत रुक्ष झालें असें आजवर कोणीं म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. उलट, यक्षाला अलका किती दूर आहे हें आपणांस कळतें तें याच हिशेबामुळें.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. परीकथा वाचकास सांगते कीं हें जग निराळें आहे, येथें तुझे नियम लागू नाहींत, तूं नुसतें ऐक. विज्ञानकथा याच्या उलट बोली करते. तूं राहतोस त्याच विश्वांत हें घडत आहे. दगड खालींच पडतो, आग जाळतेच. त्यांत मी एक नवी गोष्ट घालतों आणि तिच्यामुळें काय काय होईल तें दाखवितों. हा एक करार आहे. करार केलाच पाहिजे अशी सक्ति कोणावर नाहीं. पण केल्यावर तो मोडणें आणि वर त्यास कल्पनाशक्तीचें नांव देणें हा लबाडीचा व्यवहार आहे. याचा अर्थ प्रत्येक कथाकारानें आधीं चालतें इंजिन बनवून दाखवावें असा नाहीं. आमचा सिद्धान्त थोडक्यांत असा : यंत्र खोटें असलें तरी चालेल, त्याची किंमत खरी असली पाहिजे.

किंमत म्हणजे काय, हें प्रथम पाहिलें पाहिजे. अग्निबाण पुढें जातो तो मागें कांहीं तरी फेंकून. जें फेंकावयाचें तें बरोबर न्यावें लागतें, आणि तें नेण्यासाठीं आणखी फेंकावें लागतें. रशियांतील कालुगा गांवचे एक शाळामास्तर, कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की, यांनीं १९०३ सालीं या व्यवहाराचें गणित प्रसिद्ध केलें. मागें फेंकलेल्या वायूचा जो वेग, तेवढाच वेग यानास हवा असेल तर निघतेवेळचें वजन शेवटीं उरणाऱ्या वजनाच्या सुमारें पावणेतीनपट लागतें. दुप्पट वेग हवा असेल तर सुमारें साडेसातपट, तिप्पट हवा असेल तर वीसपट, आणि दसपट हवा असेल तर बावीस हजारपट. हें चक्रवाढ व्याज आहे, आणि चक्रवाढ व्याज म्हणजे काय हें आमच्या वाचकवर्गास समजावून सांगण्याची गरज नसावी. १९६९ सालीं चंद्राकडे गेलेल्या सॅटर्न अग्निबाणाचें उड्डाणाच्या वेळचें वजन सुमारें २९०० टन होतें. तिघां प्रवाशांना घेऊन समुद्रांत परत उतरली ती कुपी पांच-साडेपांच टनांची होती. बाकीचें सर्व व्याजांत गेलें.

हा झाला वजनाचा हिशेब. दुसरा काळाचा. १९७७ सालीं निघालेलें ‘व्हॉयेजर १’ हें यान सेकंदास सुमारें १७ किलोमीटर वेगानें सूर्यमालेपासून दूर जात आहे. सूर्याखेरीज आपणांस सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे. तेवढें अंतर काटावयास या वेगानें सुमारें पंचाहत्तर हजार वर्षें लागतील. तिसरा हिशेब शक्तीचा. एक टन वजन प्रकाशाच्या एकदशांश वेगानें नेण्यास जी शक्ति लागते ती १९४५ सालीं हिरोशिमावर टाकलेल्या बाँबसारख्या सुमारें सात हजार बाँबांच्या शक्तीइतकी आहे; आणि शेवटीं थांबावयाचें असेल तर तेवढीच शक्ति पुन्हां लागते. तारे एकमेकांपासून किती दूर आहेत याचा खरा अर्थ या तीन हिशेबांतच आहे. ‘दूर’ हा शब्द उच्चारून तो कळत नाहीं.

कथाकारास यांपैकीं एखादा हिशेब रद्द करण्याचा हक्क आम्ही मान्य करतों. त्याशिवाय बहुतेक कथा घडावयाच्याच नाहींत. पण रद्द केलेल्या रकमेची वसुली कथेंत दुसरीकडे कोठें तरी झाली पाहिजे. ती कशी होते याचे दोन जुने नमुने पाहण्यासारखे आहेत.

१८६५ सालच्या ‘पृथ्वीवरून चंद्राकडे’ या कादंबरीसाठीं ज्यूल व्हर्न यानें एक प्रचंड तोफ योजिली. तोफेची लांबी ९०० फूट, आंत चार लाख पौंड स्फोटक कापूस, गोळ्याचा वेग सेकंदास १२,००० यार्ड. तोफेसाठीं देशोदेशींहून किती वर्गणी आली याला त्यानें एक स्वतंत्र प्रकरण दिलें असून एकूण रक्कम पन्नास लाख डॉलरांच्या वर जाते. आतां नऊशें फुटांत एवढा वेग घ्यावयाचा म्हणजे प्रवाशांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजारपटींहून अधिक भार येणार आणि त्यांचा क्षणांत चेंदामेंदा होणार. व्हर्नला धक्क्याची जाणीव होती. त्यानें गोळ्याच्या तळाशीं पाण्याचा थर आणि मोडत जाणारे पडदे ठेविले. ते मुळींच पुरेसे नव्हते. परंतु पुढील भागांत त्या धक्क्यानें यानांतील एक कुत्रा मरतो, आणि बाहेर टाकलेलें त्याचें शव यानाच्या जोडीनें अवकाशांतून प्रवास करीत राहतें. व्हर्ननें पुरी रक्कम भरली नाहीं, पण देणें आहे हें त्यानें नाकारलें नाहीं.

एच्. जी. वेल्स यानें १९०१ सालीं ‘चंद्रावरील पहिले मानव’ लिहिली तेव्हां निराळा मार्ग धरला. गुरुत्वाकर्षण अडविणारा ‘कॅव्होराइट’ नांवाचा पदार्थ त्यानें कल्पिला आणि यानास खिडकीच्या पडद्यांप्रमाणें उघडझांप करतां येतील असे त्याचे पडदे लाविले. व्हर्न यावर रुष्ट झाला. मी पदार्थविज्ञानाचा उपयोग करतों, हा मनुष्य नुसत्या कल्पना काढतो. हा धातु मला दाखवा तर खरा, अशा आशयाची तक्रार त्यानें उतारवयांतील एका मुलाखतींत केली. तक्रार शास्त्रदृष्ट्या बरोबर आहे. असा पडदा खरोखर असता तर वजन फुकट वर चढवून पुन्हां खालीं सोडतां आलें असतें, आणि त्या शक्तीवर गिरण्या चालल्या असत्या. पण वेल्सनें वसुली केली आहे. कॅव्होराइटचा पहिला पत्रा तयार होतांक्षणीं त्याच्या वरची हवा भारहीन होऊन कारंज्यासारखी आकाशांत उसळते, घर उद्ध्वस्त होतें, आणि तो पत्रा जागीं टिकला असता तर पृथ्वीचें सारें वातावरणच निसटलें असतें हें शोधकाच्या ध्यानीं येतें. शेवटीं शोधक चंद्रावर अडकतो, तेथील अधिपतीस मनुष्यजातीच्या युद्धांचें भोळेपणानें वर्णन करून सांगतो आणि त्याचा आवाज कायमचा बंद पडतो. यंत्राचें रहस्य त्याच्याबरोबर जातें. असलें यंत्र मनुष्याच्या हातीं देण्याची किंमत काय होईल हें ठरवूनच वेल्सनें तें परत घेतलें. म्हणून व्हर्न आणि वेल्स यांच्या वादांत आमचें मत असें कीं दोघेहि प्रामाणिक होते. एकानें पैशांत हिशेब दिला, दुसऱ्यानें परिणामांत.

खरी घसरण यानंतरची आहे. १९२८ सालीं ‘अमेझिंग स्टोरीज’ या अमेरिकन मासिकांत ई. ई. स्मिथ यांची ‘स्कायलार्क’ ही कादंबरी क्रमशः आली. तींत एका अज्ञात धातूच्या योगानें तांब्याच्या अणूंतील शक्ति मोकळी होते आणि नायक प्रकाशाहून अधिक वेगानें ताऱ्यांकडे निघतो. आइन्स्टाइनचा नियम आड येतो तर तो नियमच चुकीचा ठरवून मंडळी पुढें जातात. याच लेखकानें पुढें यानाचें जडत्वच काढून टाकणारें यंत्र शोधलें. पहिल्या वेळीं यांत धाडस होतें हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु धाडसाची शेंकडों वेळां नक्कल झाली म्हणजे तिला धाडस म्हणत नाहींत, सांचा म्हणतात. पुढील पिढ्यांच्या लेखकांनीं हा सांचा आयता उचलला. यानाच्या नायकानें कळ दाबावयाची, तारे रेषांसारखे ताणले जावयाचे, आणि पुढच्या परिच्छेदांत मंडळी दुसऱ्या सूर्याखालीं भांडत असावयाचीं.

१९६६ सालीं सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही दूरचित्रवाणी मालिका या परंपरेंतील सर्वांत प्रसिद्ध, आणि तिच्यांतील मानवतेची दृष्टि खरोखर प्रशंसनीय आहे. पण तिच्या इंजिनाची कथा उद्बोधक आहे. दर आठवड्यास प्रचंड यान नव्या ग्रहावर उतरवून दाखविणें चित्रणाच्या दृष्टीनें फार खर्चाचें होतें, म्हणून माणसें क्षणांत विरघळवून खालीं प्रकट करण्याची युक्ति काढण्यांत आली. कथेंत प्रवास फुकट असला तरी चित्रगृहांत तो फुकट नव्हता! त्याहून बोलकी गोष्ट पुढची. याच नांवाच्या पुढील मालिकेंत १९९३ सालच्या एका भागांत असें निघालें कीं यानांच्या ‘वार्प’ इंजिनांमुळें अवकाशाचीच झीज होत आहे. शासनानें वेगावर मर्यादा घातली. येथें क्षणभर किंमत पुढें आली. वर्षानुवर्षें ज्या सोयीवर सारा संसार उभा होता ती सोयच कोणाचें तरी घर मोडीत आहे, याहून थोर कथाबीज कोणतें? आणि पुढें काय झालें? दोन-चार वेळां त्या मर्यादेचा उल्लेख झाला आणि मग ती विसरली गेली. लेखकांस दोष देऊन भागणार नाहीं. प्रेक्षकांनींहि ती मागितली नाहीं. फुकट प्रवासाची संवय लागलेल्यास भाडें मागितलें कीं राग येतो.

याउलट ज्यांनीं किंमत वसूल केली त्यांच्याकडे पाहावें. अर्सुला ले ग्विन यांची १९६४ सालची सेमलीच्या कंठहाराची कथा घ्या. सेमली ही दूरच्या एका ग्रहावरील तरुण सरदारपत्नी. घराण्याचा हरवलेला रत्नहार परत आणून पतीची मान उंच करावी म्हणून ती परक्यांच्या यानांतून दुसऱ्या ताऱ्याकडे जाते. प्रवासास एकच लांबलचक रात्र लागते असें तिला सांगतात, आणि तिच्यापुरतें तें खरें असतें. यान प्रकाशाच्या वेगाच्या अगदीं जवळ गेलेलें असल्यामुळें तिची एक रात्र होते आणि घरीं अनेक वर्षें उलटतात. ती हार घेऊन परतते तेव्हां पति लढाईत मरून गेलेला असतो आणि मागें सोडलेली तान्ही मुलगी तिच्याच वयाची होऊन समोर उभी राहते. या कथेंत इंजिनाचें वर्णन जवळजवळ नाहीं. पण इंजिनाची किंमत हीच कथा आहे. ती काढून घेतली तर एक हार आणि एक सहल एवढेंच उरेल.

आपल्या वाचकांस येथें भागवताच्या नवव्या स्कंधांतील रैवत राजाची आठवण होईल. कन्या रेवतीस योग्य वर कोण हें विचारण्यासाठीं तो तिला घेऊन ब्रह्मलोकीं गेला, गायन चाललें होतें म्हणून क्षणभर थांबला, आणि प्रश्न विचारला तेव्हां ब्रह्मदेव हंसले. तेवढ्या वेळांत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगें लोटलीं होतीं आणि त्यानें मनांत योजिलेले वर, त्यांचे पुत्र, पौत्र, कोणीच उरले नव्हते. या कथेवरून आमच्या पूर्वजांस सापेक्षतेचा सिद्धान्त ठाऊक होता असें म्हणणारे लोक आहेत. त्यांचा समाचार पुढें घेऊं. आम्हांस तींत दिसतें तें हें कीं फार दूर जाणारा परततो तेव्हां त्याचें घर त्याच जागीं नसतें, हें सत्य जुन्या कथाकारास गणितावांचून उमगलें होतें. ज्यांच्यापाशीं गणित आहे त्यांनीं तें विसरावें हें मोठें आश्चर्य.

यंत्र सर्वस्वी काल्पनिक असूनहि किंमत पुरती खरी असूं शकते, याचें उदाहरण म्हणजे फ्रँक हर्बर्ट यांची १९६५ सालची ‘ड्यून’. तेथें अवकाश दुमडून प्रवास होतो. शास्त्रदृष्ट्या ती निव्वळ कल्पना. पण मार्ग दाखविणाऱ्या नावाड्यांस एक विशिष्ट मसाला सेवन करावा लागतो, तो मसाला साऱ्या विश्वांत एकाच निर्जल ग्रहावर मिळतो, आणि म्हणून साम्राज्य, सरदार, व्यापारी आणि धर्म सगळे त्या वाळवंटाभोंवतीं घोंटाळतात. ज्याचें विज्ञान शून्य त्याचें अर्थशास्त्र चोख! पेट्रोलसाठीं राज्यें उलथलेल्या शतकांतील वाचकास तें पटल्याशिवाय कसें राहील? पोल अँडरसन यांच्या १९७० सालच्या ‘टाउ झीरो’ या कादंबरींतील यान अवकाशांतील विरळ हायड्रोजन गोळा करून त्यावर चालतें. ही योजना रॉबर्ट बुसार्ड या शास्त्रज्ञानें १९६० सालीं मांडली होती. वाटेंत यानाची वेग कमी करणारी यंत्रणा बिघडते. पन्नास माणसें थांबूं न शकणाऱ्या यानांत, आणि बाहेर युगामागून युगें चाललीं आहेत! पुढें शास्त्रज्ञांनीं हिशेब केला तेव्हां असें दिसलें कीं अशा यानास मिळणाऱ्या रेट्यापेक्षां हायड्रोजन गोळा करतांना होणारा अडथळाच अधिक असेल. इंजिन खोटें ठरलें. कादंबरी खोटी ठरली नाहीं.

येथें एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. किंमतहि खोटी असूं शकते. १९५४ सालीं प्रसिद्ध झालेली टॉम गॉडविन यांची ‘थंड समीकरणें’ ही कथा पुष्कळांस ठाऊक असेल. रोगग्रस्त वसाहतीस औषध नेणाऱ्या लहान यानांत मोजून इंधन आहे. भावाला भेटण्याच्या ओढीनें एक अठरा वर्षांची मुलगी त्यांत लपून बसते. तिच्या वजनामुळें यान सुखरूप उतरणार नाहीं, म्हणून चालक तिला निरुपायानें बाहेर अवकाशांत सोडतो. कथा हृदयास पीळ पाडते यांत शंका नाहीं. परंतु समीकरणें थंड असलीं तरी यानांत गुंजभरहि जास्त इंधन ठेवूं नये आणि दाराला साधें कुलूपहि लावूं नये हें समीकरणांनीं ठरविलें नव्हतें. तें कोण्या कचेरींतील माणसांनीं ठरविलें होतें. त्यांच्या निष्काळजीपणाचें खापर निसर्गाच्या नियमांवर फोडून कथा त्यांस निर्दोष सोडते. खऱ्या किंमतीची कथा वाचकास विचारावयास लावते कीं ही किंमत कोणीं बसविली आणि ती भरावयाची कोणीं.

आतां उरलेल्या दोन पक्षांचा थोडक्यांत परामर्श घेऊं. पहिला पक्ष शास्त्राच्या सोंवळ्यांत बसलेल्या पंडितांचा. आजच्या प्रयोगशाळेंत जें सिद्ध नाहीं तें लिहूं नये, असें यांचें म्हणणें. यांनीं इतिहास पाहावा. रॉबर्ट गॉडर्डच्या अग्निबाणाची १९२० सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें अग्रलेखांत टर उडविली, निर्वात जागेंत रेटण्यास कांहीं नसतां अग्निबाण पुढें कसा जाईल, ही शाळेंतील मुलास कळणारी गोष्ट या प्राध्यापकास कळत नाहीं, असा त्याचा रोख होता. याच गॉडर्डनें १९२६ सालीं द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण उडविला, आणि त्या पत्रानें आपली चूक १९६९ च्या जुलैंत, माणसें चंद्राच्या वाटेवर असतांना, छापून दुरुस्त केली. गॉडर्डच्या मनांत हें वेड भरविलें होतें वेल्सच्या कादंबरीनें. त्सिओल्कोव्हस्की आणि जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान ओबर्थ यांच्या मनांत व्हर्नच्या. १९९४ सालीं मिगेल अल्कुबिएरे या मेक्सिकन शास्त्रज्ञानें तर ‘वार्प’ हें कथेंतील नांव घेऊनच सापेक्षतेच्या समीकरणांत तसला प्रवास बसतो कीं काय याचा शोधनिबंध लिहिला. समीकरणांत तो बसला, मात्र त्यासाठीं ऋण ऊर्जा लागेल असें निघालें, आणि तेवढी ऋण ऊर्जा मिळविण्याचा मार्ग कोणास ठाऊक नाहीं. कथाकारांनीं जें बिल फाडून टाकलें तें शास्त्रज्ञानें पुन्हां लिहून समोर ठेविलें! कल्पनेस बंदी घाला असें म्हणणाऱ्यांस हें पुरेसें उत्तर आहे.

दुसरा पक्ष आपल्याकडचा. विमानें, इंजिनें, सारें कांहीं आमच्या ग्रंथांत पूर्वींच होतें असें सांगणाऱ्यांचा. यांच्या हातांत बहुधा ‘वैमानिक शास्त्र’ असतें. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनीं १९७४ सालीं त्या ग्रंथाची कसून परीक्षा केली. ग्रंथ १९०४ पूर्वींचा नाहीं आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असा त्यांनीं निर्वाळा दिला. हे अभिमानी लोक आणि कळ दाबून तारे ओलांडणारे कथाकार एकमेकांस हंसतात. पण दोघांची वृत्ति एकच. दोघांसहि फळ हवें, श्रम नकोत. एकानें ते भूतकाळावर ढकलले, दुसऱ्यानें भविष्यकाळावर.

एवढ्या आग्रहानें हा विषय मांडण्याचें कारण काय, असें कोणी विचारील. करमणुकीच्या कथा, त्यांत इंजिन फुकट असलें तर कोणाचें काय गेलें? आमचें उत्तर असें कीं पृथ्वी जाते. ज्या कथेंत ताऱ्यांचा प्रवास फुकट असतो त्या कथेंत पृथ्वी स्वस्त होते. एक ग्रह नासला तर दुसरा आहे; समुद्र विटला तर पलीकडे दुसरा समुद्र आहे; ही समजूत तीन-चार पिढ्या बालपणापासून गोष्टींच्या रूपानें पोटांत गेलेली आहे. २०१६ सालीं मेक्सिकोंतील ग्वादलाहारा येथें भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत इलॉन मस्क यांनीं मंगळावर दहा लाख वस्तीचें नगर वसविण्याचा संकल्प जाहीर केला, तेव्हां टाळ्या वाजविणाऱ्यांत कितीजणांनीं चक्रवाढ व्याजाचा तो तक्ता मनांत मांडला असेल? मस्क यांच्या अभियंत्यांनीं तो खचित मांडला आहे, कारण त्यांचे अग्निबाण त्सिओल्कोव्हस्कीच्याच नियमानें उडतात. श्रोत्यांस मात्र कथांनीं तो विसरावयास शिकविलें आहे. आणि मंगळ हा तर आपल्या अंगणांतला. ताऱ्यांची गोष्ट बोलावयासच नको.

म्हणूनच किम स्टॅन्ले रॉबिन्सन यांच्या २०१५ सालच्या ‘ऑरोरा’ या कादंबरीस आम्ही फार मोल देतों. सुमारें दोन हजार माणसें घेऊन एक यान बारा प्रकाशवर्षांवरील ताऱ्याकडे निघतें. प्रवासास दीडशेंहून अधिक वर्षें लागतात. जे निघाले ते पोंचत नाहींत, जे पोंचतात त्यांस निघण्याविषयीं कोणीं विचारलेलें नसतें. बंद यानांत माती कस धरीत नाहीं, क्षार भलत्याच जागीं सांठतात, पिढी खंगत जाते. पोंचल्यावर नवी भूमि त्यांस जगूं देत नाहीं. कांहीं जण परत फिरतात, तेव्हां एवढ्या वेगांतील यान आतां थांबवावयाचें कसें हा प्रश्न उभा राहतो, कारण तें अडविण्यासाठीं लागणारी सामुग्री चालू ठेवण्याची आठवण सूर्यमालेंत फारशी कोणास उरलेली नसते. या कादंबरीवर निराशावादाचा आरोप झाला. आम्हांस ती निराशेची वाटत नाहीं. परतलेली नायिका शेवटीं पृथ्वीच्या समुद्रांत उतरते आणि लाटांखालीं धडपडते, तेव्हां साधें पाणी, साधी हवा आणि पायांखालची वाळू यांचा जो मोठेपणा वाचकास प्रतीत होतो तो सहस्र उपदेशांनीं झाला नसता. तो मोठेपणा विकत घेण्यासाठीं लेखकास बारा प्रकाशवर्षांचें भाडें पैपैसह मोजावें लागलें आहे.

तेव्हां परीक्षकांस आमची विनंति अशी कीं विज्ञानकथा हातीं आली म्हणजे यानाच्या इंजिनाचा प्रश्न तंत्रज्ञांसाठीं राखून ठेवूं नये. स्वभावरेखनाआधीं तोच विचारावा. हें यान कशावर चालतें, आणि त्याची किंमत या कथेंत कोण देतो? कोणीच देत नसेल तर तें स्पष्ट लिहावें. लेखकांस सांगणें असें कीं अशक्य इंजिन खुशाल काढा, पण तें सुरू होतांच कोणाचें तरी कांहीं तरी जाऊं द्या. वजन, वर्षें, घर, नाहीं तर विवेक. आणि ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें तेथील वडील मंडळींस एवढेंच कीं मुलें असल्या कथा आवडीनें वाचतात त्या त्यांस अवश्य वाचूं द्याव्या. परंतु वाचून झाल्यावर पाटी घेऊन त्यांच्याजवळ बसावें, आणि सेकंदास सतरा किलोमीटर वेगानें सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंत जाण्यास किती वर्षें लागतात हा भागाकार त्यांच्याकडून करून घ्यावा. उत्तर आल्यावर पोर थोडा वेळ गप्प बसेल, आणि मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे निराळ्या नजरेनें पाहील.